पेटीला लावलेला हात

"अहो, ह्या फ्रिजला करंट येतोय," श्यामलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि गोपाळकृष्ण दाबके शब्दकोडं बाजूला ठेवून जवळजवळ आनंदानेच उठले. निवृत्त माणसाला घरात कोणी कामासाठी हाक मारणं हा तसा दुर्मीळ योग; त्यातून विजेचं काम म्हणजे त्यांच्याच खात्यातलं. त्यांनी सवयीने उजव्या हाताची उलटी बाजू फ्रिजच्या दाराच्या कडेला टेकवली आणि डोळे किंचित मिटून थांबले. काही नव्हतं. "काही नाही," ते म्हणाले. "ओल्या हाताने उघडत असशील." "हात कोरडे आहेत माझे. आणि सकाळच्या घाईत फ्रिजशी भांडण उकरून काढायची मला हौस नाही." असं म्हणून श्यामलाबाईंनी पुन्हा बोट लावलं आणि झटक्याने हात मागे घेतला, बांगड्या वाजल्या. दाबक्यांनी पुन्हा हात टेकवला, या वेळी जोर देऊन. मग त्यांच्या लक्षात आलं की करंट तर सोडाच, पत्रा गार आहे हेसुद्धा आपल्याला कळत नाहीये. आपला हात फ्रिजला लागलेला आहे हे त्यांना दिसत होतं, इतकंच. दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानातला इलेक्ट्रिशियन आला, त्याने प्लग उघडून आत तुटून पडलेली अर्थिंगची तार दाखवली आणि म्हणाला, "चांगल्याच मुंग्या येत होत्या की आजोबा. तुम्हाला नाही कळलं?" "माझ्या पायात रबरी चपला असतात," दाबके म्हणाले. त्यांच्या पायात तेव्हा काहीच नव्हतं. इलेक्ट्रिशियनने त्यांच्या पायांकडे एकदा पाहिलं आणि हत्यारं पिशवीत भरायला घेतली, कारण कर्वेनगरातल्या म्हाताऱ्यांशी वाद घालू नये एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

पायांपासूनच हे सुरू झालं होतं. डाव्या पायातली चप्पल जिन्यात निसटून राहायची आणि ते एका चपलेने घरात यायचे. श्यामलाबाई विचारायच्या, दुसरी कुठे ठेवलीत, आणि ते ती गोष्ट विसराळूपणावर ढकलून द्यायचे. विसराळूपणा म्हातारपणी चालून जातो, त्यात थोडी प्रतिष्ठाही असते. साखर तर कित्येक वर्षांची घरातलीच झालेली. गेल्या खेपेला डॉक्टरबाईंनी शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला नादकाटा काढला, टेबलावर आपटून त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला आणि म्हणाल्या, "थरथर जाणवतेय ना? थांबली की सांगा." दाबक्यांना थरथर जाणवत नव्हती. पण कान शाबूत होते, आणि त्या काट्याचा बारीक हूं हूं असा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येत होता. आवाज थांबला तेव्हा ते म्हणाले, "थांबली." डॉक्टरबाई खूश झाल्या. "आणि बोटं? हातांची?" "बोटं उत्तम आहेत," दाबके म्हणाले. बाहेर रिक्षात बसल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पैसे देऊन तपासून घ्यायला जायचं आणि तिथे कॉपी करून पास व्हायचं, हा कुठला मूर्खपणा. पण त्या लाजेच्या खाली भीती होती, आणि ती लाजेपेक्षा कितीतरी मोठी होती. दात गेले, गुडघे गेले, त्यांबद्दल त्यांची फारशी तक्रार नव्हती. हात मात्र त्यांना लागणार होते, निदान या दसऱ्यापर्यंत.

कारण हिंजवडीचं ते काम चालू होतं. चिंचवडच्या ज्या कारखान्यात दाबक्यांची उभी नोकरी झाली तो बंद पडला, जमीन विकली गेली, आणि गोदामात धूळ खात पडलेला मिनीकॉम्प्युटर आणि त्याचा लाइन प्रिंटर हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने उचलून आपल्या लॉबीत आणून ठेवला. मिनी म्हणायचं ते त्याच्या आधीचे कॉम्प्युटर खोलीएवढे असत म्हणून. हा दोन लोखंडी कपाटांएवढाच. प्रिंटर म्हणजे आइस्क्रीमच्या दुकानातला मोठा फ्रीझर असतो तेवढी पेटी, आणि तो एकेक अक्षर न छापता अख्खी ओळ एका दमात ठोकायचा. कंपनीतल्या ऋचा नावाच्या मुलीने दाबक्यांना कुठून तरी शोधून काढलं. तिच्या पदाचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण ती उत्साही होती आणि समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायची, जे तिच्या वयाच्या लोकांत त्यांना हल्ली क्वचित आढळत असे. "काका, खंडेनवमीला आम्ही सगळे लॅपटॉप ठेवून पूजा करतो ना, त्या दिवशी हे लाइव्ह करायचं. पाहुण्यांनी कीबोर्डवर स्वतःचं नाव टाइप करायचं आणि प्रिंटर ते धडधड प्रिंट करणार. सुपर होईल." उन्हाळाभर दाबके कंपनीच्या गाडीने हिंजवडीला जात राहिले. वारजे, चांदणी चौक, मग ते महामार्गावरचं तुंबलेलं सगळं. जायला इतका वेळ लागायचा की पोचेपर्यंत काय करायला निघालो होतो याचा विसर पडावा. तरी ते जात राहिले. कॉम्प्युटर सुरू झाला. प्रिंटरही एकटा सुरू झाला. त्याचं चाचणीचं बटण दाबलं की स्वतःपुरता अक्षरांच्या ओळी छापायचा. आता फक्त दोघांच्या मध्ये केबल लावायची राहिली होती.

आणि त्या केबलच्या कॉम्प्युटरकडच्या टोकाला, पेटीच्या पोटात, दाबक्यांचं कार्ड होतं. कॉम्प्युटर परदेशी होता आणि प्रिंटर इथला. दोघं एकमेकांसाठी केलेलेच नव्हते. कॉम्प्युटर एक अक्षर पाठवून पलीकडून होकाराची वाट बघायचा, आणि प्रिंटर होकार द्यायचा तोच मुळी ह्याच्या भाषेतला नकार असायचा. परदेशी कंपनीने हात वर केले. तेव्हा दाबक्यांनी, नवीन लग्न झालेलं असताना, शनिवारवाड्याजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत, स्वयंपाकाच्या ओट्यावर बसून, केसासारख्या निळ्या तारा एकेका खिळ्याभोवती गुंडाळत ते कार्ड केलं होतं. श्यामलाबाईंना पोळ्या जमिनीवर बसून लाटाव्या लागल्या त्या दिवसांत. ज्या दिवशी ते कार्ड बसवलं आणि प्रिंटरने कापड फाडल्यासारखा आवाज करत पहिला कागद बाहेर टाकला, तेव्हा दाबके तिथून उठून संडासात गेले आणि रडले. बाकी सगळं आयुष्य त्यांनी दुसऱ्यांनी केलेली यंत्रं दुरुस्त करण्यात घालवलं. स्वतः केलेली वस्तू ती एवढीच. लॉबीतलं कौतुक, शाल, नारळ यांतलं त्यांना काही नको होतं, किंवा फारसं नको होतं. त्या कार्डातून अक्षरं पुन्हा एकदा पलीकडे जावीत, आणि आपल्या हाताने जावीत, एवढंच हवं होतं. मग हातांचं पुढे जे व्हायचं ते होवो.

हाताने बघायची सवय बाळ सोहोनींची. सोहोनी त्यांचे साहेब. कॉम्प्युटरच्या गार खोलीबाहेर देवळासारख्या चपला काढायला लावायचे आणि आत आल्यावर कोणालाही मोठ्याने बोलू द्यायचे नाहीत. दोन पेट्या केबलने जोडायच्या आधी दोघींचं अर्थिंग ठीक आहे ना हे बघितल्याशिवाय ते कोणाला पुढे जाऊ देत नसत. एका पेटीचं अर्थिंग सुटलेलं असलं तर ती चालते नीट, दिसते नीट, पण तिच्या पत्र्यात करंट भरून राहतो, आणि केबल जोडली की तो सगळा कार्डावरच्या नाजूक चिपांतून पलीकडे धावतो. मीटर स्टोअरच्या कुलपात असायचं आणि स्टोअरकीपर चहाला. तेव्हा सोहोनी हाताची उलटी बाजू पत्र्याला टेकवायचे. "तळवा लावलास दाबके, तर बोटं आवळतील, मग पेटी तुला सोडणार नाही. उलटा हात आपला आपण मागे येतो." काही दिवसांत दाबक्यांचा हात सोहोनींच्याही पुढे गेला. नळाच्या बारीक धारेखाली हात धरावा तशी ती बारीक सळसळ, कधी तर मीटरची सुई हलायच्या आधी त्यांना कळायची. हात इतरही गोष्टी सांगायचा. श्यामलाबाईंच्या कपाळाला लावला की थर्मामीटर शोधावं लागायचं नाही. गेल्या महिन्यात त्या पडून होत्या आणि म्हणाल्या, "बघा हो, अंग तापलंय का," आणि त्यांनी हात लावून सांगितलं, "नाही, गार आहे." थर्मामीटरने वेगळंच सांगितलं. श्यामलाबाईंनी थर्मामीटर डबीत ठेवलं आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, पण विचारलं काही नाही. न विचारण्यात त्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं.

हाताची ही सगळी कथा दाबक्यांनी ऋचाला कँटीनमध्ये सांगितली होती, कार्डाच्या कथेपेक्षा जास्त रंगवून. ती तिने ज्याला त्याला सांगितली. म्हणून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते लॉबीत शिरले तेव्हा कोणीतरी हसून म्हणालं, "आले, ह्यूमन मल्टिमीटर आले," आणि त्यांना ते आवडलं. फ्रिजचा प्रसंग होऊन फार दिवस झाले नव्हते, तरी आवडलं. लॉबीत झेंडूचा ढीग पडला होता, सजावटवाले शिड्यांवर चढून दिव्यांच्या माळा बांधत होते, आणि कंपनीचा कंत्राटी इलेक्ट्रिशियन सुदर्शन, वाशीमकडचा एक शांत तरुण माणूस, एक्स्टेन्शन बोर्डावर प्रिंटर सुरू करून बोर्डाची वायर भिंतीकडेने सरकवत होता. साफसफाईच्या मुक्ताबाई प्रिंटर पुसत होत्या. जवळच्या माण गावातून रोज चालत येणाऱ्या, आपल्याच कामात असणाऱ्या बाई. त्या एकदम हात झटकून मागे सरल्या. "साहेब, ह्या पेटीला हात लावला की मुंग्या येत्यात," त्या म्हणाल्या. "त्या मोठ्या पेटीला न्हाई येत. हिलाच येत्यात." सुदर्शन बोर्ड खाली ठेवून म्हणाला, "मीटर आणू का साहेब? खाली बॅगेत आहे, आणतो." लॉबीतली पाच-सहा माणसं दाबक्यांकडे बघत होती. ऋचाने तर फोन उंच धरला होता, व्हिडिओसाठी.

नंतर या क्षणाकडे दाबके पुन्हा पुन्हा गेले, आणि प्रत्येक वेळी त्यांना तो फार लांबलचक वाटला, त्यात सहज दुसरं काही करता आलं असतं इतका लांब. त्यांना माहीत होतं. आपला हात मेलेला आहे हे त्यांना फ्रिजने, थर्मामीटरने, हातातून निसटून फुटलेल्या चहाच्या कपांनी सांगून झालं होतं. 'आण मीटर' हे दोनच शब्द होते, आणि ते म्हटल्याने कोणी काही समजलंही नसतं. पण तिथे उभं असताना त्यांच्या मनात वेगळीच गोष्ट चालली होती: कदाचित या पेटीला कळेल. घरचा फ्रिज कालचा, परका. ही पेटी आपली. जिच्या पत्र्यावर आपण तरुणपणी हात ठेवला ती पेटी आपल्याला उत्तर देईल, अशी एक वेडगळ आशा त्यांच्या पोटात उठली, आणि त्या आशेला मागून अभिमानाने ढकललं. "मीटर कशाला?" ते म्हणाले. शर्टाची बाही वर केली, हाताची उलटी बाजू प्रिंटरच्या पत्र्याला टेकवली, डोळे मिटले. दाबके आत ऐकत राहिले, रिकाम्या घरात कोणी आहे का म्हणून हाक मारून ऐकावं तसे. काहीच आलं नाही. पत्र्याचं गारपण नाही, खडबडीतपणा नाही, करंटही नाही. आता डोळे उघडून काहीतरी बोलावं लागणार होतं. "काही नाही," ते म्हणाले. "मावशी, तुम्ही ओल्या फडक्याने पुसताय, म्हणून वाटलं असेल." मुक्ताबाईंनी फडक्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आसंल," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या. कोणीतरी टाळी वाजवली. तेवढ्यात सजावटवाल्याला सॉकेट हवं होतं म्हणून सुदर्शनने बोर्ड उचलून दुसऱ्या भिंतीला लावला, प्रिंटर पुन्हा सुरू केला, आणि दाबक्यांनी केबलचं टोक हातात घेतलं. ते नीट धरलंय की नाही हे त्यांना बघून ठरवावं लागलं. त्यांनी ते कॉम्प्युटरच्या पाठीमागे बसवलं.

आवाज अगदी लहान झाला, कोणी बोटं मोडावीत एवढा. वास मात्र लगेच आला, आणि तो वास दाबक्यांनी जन्मभर ओळखलेला होता. कॉम्प्युटरच्या तोंडावरचे दिवे एकदा सगळे लागले आणि मग कोणताच लागेना. ऋचाला वाटलं असंच असतं. ती अजून व्हिडिओ काढत होती. सुदर्शनने धावत जाऊन दोन्ही स्विच बंद केले. मग कोणीतरी इमारत सांभाळणारा साहेब आला, त्याने मीटर आणवलं, आणि एक्स्टेन्शन बोर्डाचं अर्थिंग आतून सुटलेलं सापडलं. "बोर्ड कोणी लावला?" त्याने विचारलं. सुदर्शन म्हणाला, "मीच लावला." "चेक केला होता?" सुदर्शनने दाबक्यांकडे पाहिलं. दाबके म्हणाले, "अर्थिंग नव्हतं." हे वाक्य खरं होतं. एखादं खरं वाक्य हाताशी लागलं की त्याच्या आड माणूस किती वेळ बसू शकतो, याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. ऋचा त्यांना खुर्ची देत म्हणाली, "काका, प्लीज, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुमची काहीच चूक नाही. कॉन्ट्रॅक्टरला मी कळवते, असला माणूस आम्हाला साइटवर नको." खुर्चीत बसल्यावर त्यांना सांगायचं होतं. जिभेवर वाक्य तयार होतं: मला कळत नाही, माझ्या हाताला काही कळत नाही. पण ते वाक्य म्हटलं असतं तर हिचा चेहरा बदलला असता, ती दयेने बोलायला लागली असती, आणि उद्यापासून कोणीही, कुठेही, दाबक्यांना कशालाही हात लावू दिला नसता. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "कार्ड मी घरी नेतो. दुरुस्त होईल."

दुरुस्त होण्यासारखं होतं, हेच त्यातलं वाईट. जळालेल्या चिपा अजून बाजारात मिळतात. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या बुधवार पेठेतून आणल्याही. जेवणाच्या टेबलावर दिवा ओढून कार्ड उलटं ठेवलं, जुन्या निळ्या तारांचं ते जाळं समोर आलं, आणि प्रत्येक तार कुठून कुठे जाते हे त्यांना न बघता सांगता येत होतं. डोकं सगळं जाणत होतं. बोटांत तार आहे की नाही हेच कळत नव्हतं. चिमटीत धरली म्हणावं तर ती टेबलावर पडलेली असायची. पडली म्हणून शोधावं तर ती चिमटीत असायची. "द्या इकडे, मी धरते," श्यामलाबाई समोर बसत म्हणाल्या. त्यांनी तार धरली, छान धरली, ओट्यावरच्या त्या दिवसांतही त्यांनी कधी कधी धरली होती. दाबक्यांनी डाग द्यायची तापलेली सळई उचलली आणि ते वाकून बघत राहिले. काहीतरी जळतंय असा वास आला. चिप जास्त तापली की काय म्हणून त्यांनी आणखी वाकून पाहिलं. "अहो, हात," श्यामलाबाई म्हणाल्या. सळई त्यांच्या अंगठ्याला टेकलेली होती आणि कातडी पांढरी होऊन वर आली होती. श्यामलाबाईंनी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं, मलम आणलं, अंगठ्याला लावलं, आणि लावता लावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. "बरेच दिवस झाले," दाबके म्हणाले. "मला सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?" त्यांनी कार्ड एका जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात वर ठेवून दिलं, आणि आपलं आता संपलं हे त्यांना अगदी सरळ, शांतपणे कळलं. दुसऱ्या दिवशी ऋचाने फोटो पाठवले. दोन्ही पेट्यांना झेंडूचे हार, हळदकुंकू, मध्ये केबल नुसतीच छान वळवून ठेवलेली, आणि बाजूच्या पडद्यावर प्रिंटर छापतानाची फिल्म, आवाजासकट. 'एव्हरीवन लव्ह्ड इट काका,' तिने खाली लिहिलं होतं.

दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी सुदर्शन दारात उभा राहिला. वारज्याला काम बघायला आलो होतो, पत्ता कंपनीच्या ड्रायव्हरने दिला, असं त्याने चपला काढताना सांगितलं. काम मिळालं का, असं दाबक्यांनी विचारलं. "बघून राहिलो, साहेब. कॉन्ट्रॅक्टरनं तर लगेच काढून टाकलं न. म्हणे दुसऱ्या साइटवर पण नाव नको तुझं." तो कोचाच्या कडेला बसला, त्याच्या हातांना ठेवायला जागा सापडेना. श्यामलाबाई चहा घेऊन आल्या. दाबक्यांचा कप त्यांनी हातात न देता स्टुलावर ठेवला आणि दाराशीच उभ्या राहिल्या. "मी भांडायला नाही आलो, साहेब," सुदर्शन म्हणाला. "फक्त एक विचारायचं होतं, नाही तर डोक्यातून जात नाही. त्या मावशीला मुंग्या आल्या होत्या. मंग तुम्ही हात लावून पाहिला. तेव्हा खरंच नव्हतं न काही?"

दाबक्यांनी स्टुलावरच्या कपाकडे पाहिलं. वाफ येत होती. श्यामलाबाई दाराशी हलल्याही नाहीत. त्या वाट बघत होत्या, आणि कशाची ते दाबक्यांना माहीत होतं. आता लपवण्यासारखं तरी काय उरलं होतं? कार्ड गेलं होतं, हिंजवडीचं दार बंद झालं होतं, हात आता कामाचे राहिले नव्हते. उरला होता तो फक्त एक समज, या वाशीमच्या माणसाच्या मनातला, की दाबक्यांच्या हाताला कळत होतं. तो समज घेऊन त्यांच्या दारापर्यंत येणारं आता बहुधा दुसरं कोणी उरलं नव्हतं. तो त्याच्याकडूनही काढून घ्यायचा म्हणजे दाबके नावाच्या माणसाचं मागे काय राहतं, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि असा विचार आपल्याला याच वेळी सुचावा याची त्यांना किळसही आली. "नव्हतं," ते म्हणाले. "तेव्हा काही नव्हतं."

सुदर्शनने मान हलवली, हलकं वाटल्यासारखी. "मंग माझंच चुकलं. मी बोर्ड हलवला न, तेव्हाच आतली तार सुटली असंल. हलवल्यावर पुन्हा बघायला पाहिजे होतं." त्याने चहा संपवला, कप खाली ठेवला. श्यामलाबाई अजून दाराशीच होत्या. "मीटर कसं आहे साहेब, ते बॅगेत राहते, बॅग खाली राहते. घाईत कोण आणते? तुमच्यासारखी सवय पाहिजे. हात तर संगच असते." तो उठला, चपला घालायला दारापर्यंत गेला आणि वळला. "आता मी पण तसंच करत जाईन म्हणतो. कोणतीही पेटी असो, आधी हात लावायचा. फक्त तेवढं सांगा, तळवा लावायचा का उलटा हात? त्या दिवशी मला नीट दिसलं नाही."

मीटर लाव. मीटरशिवाय कशालाही हात लावू नकोस. एवढंच म्हणायचं होतं, एका लहान मुलालाही सांगता येईल असं. पण ते म्हटलं की त्याच्या मागोमाग मघाचं 'नव्हतं' ओढलं जाऊन उघडं पडलं असतं. श्यामलाबाई त्यांच्याकडे बघत होत्या. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत चालला होता.

"उलटा," दाबके म्हणाले.

सुदर्शनने आपला उजवा हात उलटा करून, समोर पेटी असावी तसा हवेत धरून दाखवला. "असा?"

"असाच," ते म्हणाले.